‘एक काहीतरी धर’

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची, सांगलीची. कथक शिकले, एकांकिका करते, ढोलकी वाजवते, हल्ली डबिंगही मिळतं. घरचे म्हणतात, ‘एक काहीतरी धर, नाहीतर कशातच नाव होणार नाही.’ मला यातलं काहीच सोडवत नाही. काय करू?

उत्तर : अगं, तू सांगलीची! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली तुझ्याच गावात ‘सीतास्वयंवर’ हे नाटक उभं केलं. पदं त्यांचीच, नटांना शिकवणारेही तेच. शिवाय लाकडी कळसूत्री बाहुल्या घडवण्यातही त्यांचा हात होता. १९७२ सालचं ‘घाशीराम कोतवाल’ आठव. रांगेत उभे राहून पडदा होणारे नट गात होते, नाचत होते, क्षणात पात्रंही होत होते. आपल्या रंगभूमीला तुझ्यासारखी माणसं नेहमीच लागली आहेत.

पण घरच्यांची काळजी खोटी नाही. मी संगीत नाटकांत गायले, श्रुतिका केल्या, मुलांची शिबिरं घेतली. एका मे महिन्यात दिवसभर कार्टूनचं डबिंग, त्यात किंचाळणं, आणि रात्री प्रयोग असं आठवडाभर चाललं. शेवटच्या प्रयोगाला गळा इतका बसला होता, की ऑर्गनवाल्या काकांनी मला न विचारता पट्टी काळी पाचवरून काळी चारवर आणली, म्हणजे सूर खाली उतरवला. प्रेक्षकांना कळलं नाही. मी मात्र विंगेत येऊन रडले. तेव्हापासून सकाळी सहा ते साडेसात फक्त गाण्याचा रियाज. दौऱ्यावर लॉजच्या खोलीतसुद्धा.

तूही एक वेळ अशी बांधून घे. माझ्या मते ती कथकची असावी, कारण शरीर थांबलं की लवकर विसरतं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी ओरडण्याचं डबिंग घेऊ नकोस, पैसे कितीही असोत. नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, किती ते तालमी सुरू व्हायच्या आधी विचार. यात लाजायचं नाही. डबिंगचे पैसे उशिरा येतात, म्हणून तारीख आणि रक्कम वहीत लिही. घरी ती वही दाखव, बोलणी निम्मी होतील.

ढोलकी कुणाकडे शिकतेस ते लिहिलं नाहीस. ऐकून ऐकून वाजवत असशील तर या पावसाळ्यात, प्रयोग कमी असतात तेव्हा, गुरू शोध. तत्काराची, म्हणजे कथकच्या पदन्यासाची, लय पायात आहेच, आता ती हातात कशी उतरते ते मला कळव.