‘गारु’ कधी गळतं?

प्रश्न : ताई, तेलुगू सिनेमातल्या एका नटीवर माझा फार जीव आहे. तिच्यावर प्रेमकथा लिहितेय. नायिकेला नावही तिचंच दिलंय. नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर ती सेटवरच्या लाइटमनच्या प्रेमात पडते, अशी गोष्ट आहे. चाळीस पानं झालीत. मैत्रीण म्हणते, हे बरं नाही. मी तर प्रेमानंच लिहितेय ना? (नाव छापू नये.)

उत्तर : प्रेम दिसतंय गं, पाठवलेल्या पानांत ओळीओळीत दिसतंय. पण मैत्रिणीचं ऐक आणि नाव आजच बदल. ती जिवंत बाई आहे. तिचा काडीमोड हे तिच्या घरातलं दुःख. ते तुझ्या गोष्टीत आलं की खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि झळ तिला बसते. सर्वोच्च न्यायालयानंही 1994 मध्येच सांगितलंय, की कुणाचं खासगी आयुष्य संमतीशिवाय छापता येत नाही. तेव्हा काडीमोड काढ, शयनगृहातलं ते प्रकरणही काढ.

मग तिचं उरतं काय? पुष्कळ उरतं. सोळाव्या वर्षी मी तेलुगू सिनेमातल्या जुन्या नटीवर, सावित्रीवर, वहीभर गोष्ट लिहिली होती. 1957 च्या ‘मायाबजार’मध्ये घटोत्कच नायिकेचं, शशिरेखेचं रूप घेतो, म्हणजे सावित्रीला बाईच्या वेशातला राक्षस करायचा होता. लाजणारी वधू मधेच छाती काढते, पाऊल जड पडतं, आणि लगेच ती पुन्हा सावरते. मी तेवढंच उचललं. माझी नायिका शिक्षिका होती. चारचौघांत पदर सांभाळायची आणि एकटी असली की ढांगा टाकत चालायची. तू तुझ्या नटीचं असंच काहीतरी घे. ती हसण्याआधी मान खाली घालते असं तू लिहिलंयस, ते सोन्यासारखं आहे.

तुझा लाइटमन हैदराबादच्या कृष्णानगरात राहतो, हे मला आवडलं. सिनेमात पोटापाण्यासाठी आलेली कितीतरी माणसं तिथं राहतात. पण तो पहिल्याच भेटीत तिला एकेरी हाक मारतो, हे पटत नाही. तेलुगूत आदरानं नावापुढे ‘गारु’ लावतात, वाक्याला ‘अंडी’ जोडतात. ‘मीरु’ म्हणजे आपलं ‘तुम्ही’, ‘नुव्वु’ म्हणजे ‘तू’. तो तिला चारचौघांत ‘नुव्वु’ म्हणूच शकणार नाही, आणि तुझी खरी प्रेमकथा इथंच आहे! ती त्याला आधीपासून ‘नुव्वु’ म्हणत असेल. एक दिवस तिनं ‘मीरु’ म्हणावं. त्याच्या हातातली वायर तशीच राहावी. त्याचं ‘गारु’ मात्र गळायला तीसेक पानं जाऊ देत.

सतराव्या पानावर पावसात तो तिच्याऐवजी दिव्यावर छत्री धरतो. त्यातला एक शब्दही हलवू नकोस. नवं नाव ठरलं की पुन्हा पाठव, मी वाट बघतेय.