कोणती प्रत पाहिलीस, तेही सांग

अरे, जुन्या भयपटाबद्दल लिहिताना ‘भारी आहे, जाम टरकलो’ एवढ्यावर थांबू नकोस. नेमका कुठे टरकलास ते दाखव. ‘नोस्फेराटू’मधली (१९२२) जिन्यालगतच्या भिंतीवरून वर सरकणारी सावलीच घे: लांबलचक बोटं, वाकलेली पाठ, आणि तो रक्तपिपासू ऑरलॉक स्वतः चौकटीत नाहीच! असं एक दृश्य नीट उलगडलंस तरी पुष्कळ झालं. मूकपट असेल तर कोणती प्रत पाहिलीस तेही लिही. प्रतीगणिक संगीत बदलतं आणि निम्मी भीती तिथेच ठरते. ‘द विकर मॅन’च्याही (१९७३) कमी-जास्त लांबीच्या प्रती आहेत. शेवट मात्र फोडू नकोस, सिनेमा कितीही जुना असो. आणि ‘आता हसू येतं’ असं लिहिण्याआधी तो एकदा रात्री, दिवे घालवून, मोबाईल लांब ठेवून बघच.