रोज जीव तोडून ओढण्याने वेळ सुधारत नाही

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा आहे, रोइंग (वल्हवण्याचा खेळ) करतो. सरावाच्या मशीनचा डॅम्पर (पंख्यात किती हवा जाईल ते ठरवणारी 1 ते 10 आकड्यांची खटकी) 10 वर ठेवून रोज जीव तोडून ओढतो, तरी 2000 मीटरची वेळ वर्षभर तिथेच अडकली आहे. व्यायाम कमी पडतोय का?

उत्तर : कमी नाही, जोर जास्त होतोय. या शर्यतीतली साधारण तीन चतुर्थांश ऊर्जा ऑक्सिजनच्या वापरातून येते आणि ती क्षमता वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. (ब्रिटनचे रोइंगपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांनी पाचवं ऑलिंपिक सुवर्ण 2000 मध्ये जिंकलं, 38व्या वर्षी. मग घाई कशाला?) म्हणूनच अव्वल खेळाडूंचा बहुतांश सराव संथ असतो : मिनिटाला 18 ते 20 स्ट्रोक, 60 ते 90 मिनिटं, बोलता येईल इतपत दम, रक्तातलं लॅक्टेट (जोर वाढला की रक्तात वाढणारा पदार्थ) लिटरला 2 मिलिमोलच्या आत. जोरकस सत्रं आठवड्यातून दोन पुरेत.

डॅम्पर 10 सोडाच, त्याने कंबर धरते. शिवाय मशीनच्या पंख्याच्या जाळीत धूळ साचली की तोच आकडा वेगळा भार देतो. त्यामुळे पडद्यावरचा ड्रॅग फॅक्टर (पंख्याला हवेचा प्रत्यक्ष अडथळा किती, तो आकडा) बघून तो 120 ते 130 ठेवावा.

खोल श्वास घेताना किंवा कूस बदलताना बरगडीत एकाच जागी दुखलं, तर स्नायू आखडला समजून रेटू नये. ते स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवार ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर) असू शकतं. तसं निघालं तर काही आठवडे वल्हं बंद.