जुन्या जीपला कोणता गिअरबॉक्स?

प्रश्न : माझ्या सीजे-३बी जीपचं पेट्रोल इंजिन काढून बोलेरोचं डिझेल बसवतोय. तीन गिअरचा जुना डबा ठेवू का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : नका ठेवू, भाऊ. मी ठेवला होता. इंदूरजवळच्या जानापाव डोंगराच्या चढावर दुसऱ्या गिअरचे दात गेले. ड्रेन प्लग उघडला तर तेलात चांदीसारखा चुरा! शिवाय ५.३८च्या अ‍ॅक्सलवर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे) हायवेला डिझेल नुसतं बोंबलतं. इंजिनाबरोबर त्याच गाडीचा पाच गिअरचा डबा घ्या, बेल हाउसिंगची (इंजिन आणि डबा जोडणाऱ्या कवचाची) कटकट मिटते. मेख वेगळीच आहे. तुमचं मागचं डिफरेन्शिअल, म्हणजे अ‍ॅक्सलवरचा चाकं फिरवणारा गोळा, उजवीकडे सरकलेलं असतं. ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याचा) शाफ्ट मधोमध निघाला, तर तिथून डिफरेन्शिअलला जाणारा प्रॉपेलर शाफ्ट तिरका पडेल. आधी टेप लावून मापं घ्या, मगच बयाणा द्या. आणि आरटीओत इंजिन बदलाची नोंद कराच.