डेस्कटॉप सोपा झाला, पण वाचून दाखवेना

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात चार जुने संगणक आहेत, सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी दोन अंध मुलं रोज येतात आणि ओर्का हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम लावून, कानाने वाचतात. संगणकांचं सगळं माझा पुतण्या बघतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याने त्यांवर नवी आवृत्ती टाकली. तेव्हापासून मुलं म्हणतात, ओर्काच्या कळा कधी चालतात, कधी नाही. कॅप्स लॉक धरून आज्ञा दिली की नंतरची सगळी अक्षरं कॅपिटल उमटतात. मलाही खिडकी खाली बसवायचं बटण सापडत नाही. पुतण्या म्हणतो, "काकू, नवं डिझाइन विचार करून केलंय, सवय करून घ्या." खरं कुणाचं?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि पुतण्याने दोन्हींना एकच उत्तर दिलंय. बटणाबद्दलचं त्याचं म्हणणं निदान वाद घालण्याजोगं आहे. कॅप्स लॉकच्या बाबतीत मात्र मुलांचंच खरं.

बटणाचा वाद जुना आहे. वर्णनावरून तुमच्याकडे ग्नोम डेस्कटॉप असावा, म्हणजे लिनक्सवर खिडक्या, मेनू, बटणं दाखवणारा भाग. ग्नोम १९९७ साली सुरू झालं आणि सुरुवातीच्या आवृत्त्यांत सेटिंगांचा नुसता सुळसुळाट होता. २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीने माणसं समोर बसवून चाचणी घेतली, लोक कुठे अडतात ते पाहिलं. पुढच्या वर्षी ग्नोम २ आलं ते डिझाइनचे लेखी नियम घेऊनच, आणि पर्याय कमी ठेवावेत हा विचार तिथे रुजला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना तो मुळीच पटला नाही. हे लोक वापरणाऱ्यांना मूर्ख समजतात, केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरा, असं त्यांनी २००५ मध्ये उघड सांगितलं. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि खिडकी खाली बसवायचं बटण, खालची पट्टी, सगळंच गेलं. लोक इतके चिडले की कुणी जुन्या ग्नोम २ चाच कोड उचलून 'मेट' हा डेस्कटॉप उभा केला, तर लिनक्स मिंटवाल्यांनी आपला 'सिनॅमन' काढला.

मला स्वतःला ग्नोम ३ ची एक गोष्ट फार आवडते. सुपर कळ (विंडोजचं चिन्ह असलेली) दाबायची, प्रोग्रामच्या नावाची दोन-चार अक्षरं टाइप करायची, एंटर. न बघता काम करणाऱ्याला मेनूच्या आत मेनू शोधण्यापेक्षा हे कितीतरी बरं. म्हणून 'पर्याय कमी केले म्हणजे अपंगांवर अन्याय' हे सरसकट विधान मी मान्य करणार नाही.

पण माझी दृष्टी अधू आहे. काळ्या पडद्यावर मंद पिवळी अक्षरं असली तरच मला तासभर सलग वाचता येतं, आणि असे रंग मी थीम, म्हणजे पडद्याचं रंगरूप, बदलून लावत असे. २०१९ मध्ये ग्नोमच्या काही प्रोग्रामरांनी जाहीर पत्र काढून लिनक्स वितरणांना (लिनक्सचे तयार संच बनवणाऱ्यांना) विनंती केली, की आमच्या प्रोग्रामांवर तुमच्या थीम चढवू नका. त्यांची अडचण खरी होती. परक्या थीमखाली आयकन दिसेनासे व्हायचे, अक्षरं पार्श्वभूमीत बुडायची आणि तक्रारी यायच्या यांच्याकडे. २०२२ मध्ये ग्नोम ४२ बरोबर आलेल्या नव्या लायब्ररीने (प्रोग्राम बनवायच्या तयार सुट्या भागांच्या संचाने) ग्नोमच्या बहुतेक प्रोग्रामांचं रूप पक्कं करून टाकलं. हाय कॉन्ट्रास्टचा, म्हणजे अक्षरं-पार्श्वभूमीतला फरक ठळक करणारा, खटका ठेवलाय, पण तो म्हणजे सगळ्या अधू डोळ्यांना एकाच नंबरचा चष्मा. कुणाला पांढरं लखलखीत लागतं, माझ्यासारख्याच्या डोळ्यांत तेच खुपतं. नीटनेटकेपणासाठी माझे रंग गेले, हे मला आजही पटलेलं नाही.

आता मुलांची तक्रार. लिनक्सचा डेस्कटॉप वर्षानुवर्षं एक्स-११ या पायावर चालला. त्यात कुठलाही प्रोग्राम तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ ऐकू शकतो, म्हणजे पासवर्ड चोरणाराही. त्याच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये समोरच्या खिडकीपुरतीच कळ पोचते. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तमच. पण ओर्काला तर समोर कुठलीही खिडकी असली तरी प्रत्येक कळ ऐकावी लागते, काही कळा मधल्यामध्ये अडवाव्याही लागतात, नाहीतर कॅप्स लॉक आज्ञाही देणार आणि कॅपिटलही लावणार. यासाठी वेगळी वाट काढून द्यायला हवी होती. वेलँडची सुरुवात २००८ ची. ग्नोममध्ये ही वाट नीट झाली मार्च २०२५ च्या ४८ व्या आवृत्तीत. दरम्यान मोठ्या वितरणांनी वेलँड हाच मूळ पर्याय करून टाकला होता. तुमच्याकडे ४८ च्या आधीची आवृत्ती पडलेली दिसते.

याला डिझाइन म्हणत नाहीत, ताई. पूल बांधायच्या आधी रस्ता वळवला, एवढंच झालं, आणि मुलांना सवय करायला सांगण्यासारखं त्यात काही नाही. मला राग येतो तो इथे.

कुणी मुद्दाम केलं असं मात्र नाही. ओर्काची सुरुवात सनमधल्या मार्क मुल्काही या अंध प्रोग्रामरने केली. अमेरिकी सरकारने विकत घ्यायची संगणकीय साधनं अपंगांनाही वापरता आली पाहिजेत असा तिथला कायदा, त्यामुळे सनसारख्या कंपन्या या कामाला पगारी माणसं देत. २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सन विकत घेतली आणि त्या गटाला कात्री लागली. पुढची कितीतरी वर्षं ओर्काचा भार मुख्यतः जोनमेरी डिग्ज या एका बाईंनी पेलला. २०२३ मध्ये जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने ग्नोमला दहा लाख युरो दिले, त्यातला काही भाग या कामाला लागला. पैसा आल्यावर कामं हलली, हे लक्षात ठेवा.

तुमच्यापुरता उपाय : लॉगिनच्या वेळी नाव निवडलं की कोपऱ्यात दातेरी चाकाचं चिन्ह दिसेल. त्यात 'एक्सऑर्ग' असलेला पर्याय असेल तर तो निवडा, कळा आजच चालतील. पण ग्नोम ४९ पासून तो पर्याय मुळातच बंद ठेवलाय, तेव्हा ही सोय तात्पुरती. जुन्या संगणकांसाठी माझा सल्ला डेबियन १३ हे वितरण आणि त्यावर मेट. ते एक्स-११ वर चालतं आणि तुमचं बटणही परत मिळेल. डेबियनच्या सुरुवातीच्या मेनूवर 'एस' दाबून एंटर केलं की इन्स्टॉलर बोलायला लागतो, म्हणून पुतण्याने शेजारी बसावं आणि मुलांनाच ते बसवू द्यावं. मराठी वाचायला ईस्पीक-एनजी या मजकुराचं बोलणं करणाऱ्या प्रोग्रामचा आवाज आहे. यांत्रिक वाटतो, पण भराभर ऐकायची सवय असलेल्यांना तोच सोयीचा पडतो. पुढच्या वेळी आवृत्ती बदलण्याआधी एका संगणकावर टाकून मुलांना आठवडाभर वापरायला द्या. ती नको म्हणाली तर बाकीच्या तीन संगणकांना हात लावू नका.

प्रश्न : वडिलांचा हात थरथरतो. एकच कळ दोनदा-तीनदा उमटते आणि माऊसचं बटण दाबताना बाण सरकतो. ग्नोममध्ये काही सोय आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे. सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत टायपिंगखाली 'बाउन्स कीज' चालू करा. लागोपाठ उमटणारी तीच कळ ती गाळते. तिथेच थांबण्याचा काळ कमी-जास्त करता येतो, तो वडिलांना शेजारी बसवूनच ठरवा. माऊससाठी 'हॉवर क्लिक' : बाण एका जागी थोडा वेळ थांबला की क्लिक आपोआप होतं. बाणाचा आकारही मोठा करून द्या.