पिस्तुलाचे वर्ग आणि पॉलिसीवरचे कर्ज

टेक्सासमधील एका वाचकाने पुढील वर्षाच्या पिस्तूल प्रशिक्षणासाठी तीन पर्याय कळवून त्यांपैकी कोणता निवडावा, असे विचारले आहे. पहिला, ॲरिझोनातील पाच दिवसांचा वर्ग, ज्याला प्रवास, मुक्काम आणि हजारभर काडतुसे धरून साडेचार हजार डॉलर लागतील. दुसरा, घराजवळच्या रेंजवरील दोन-दोन दिवसांचे वर्ग, काडतुसांसह प्रत्येकी सुमारे आठशे डॉलर. आणि तिसरा, एका संस्थेचे पाच हजार डॉलरचे आजीवन सदस्यत्व, ज्यावरील सवलत ३१ डिसेंबरला संपते. त्यांचे वय ४१ आहे, पगार दीड लाख डॉलर आहे, ग्रीन कार्ड आहे, आणि घरी पत्नी व नऊ आणि बारा वर्षांची दोन मुले आहेत. पत्राच्या शेवटी ते लिहितात, "पैशांची अडचण नाही. आमच्या आययूएल पॉलिसीवर कर्ज मिळते, ती आपली स्वतःचीच बँक आहे."

प्रशिक्षणाचा निर्णय अवघड नाही, तो शेवटी सांगतो. मला काळजी वाटते ती या शेवटच्या वाक्याची. आययूएल म्हणजे इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, आयुर्विमा आणि शेअर निर्देशांकाशी जोडलेली बचत एकत्र असलेली पॉलिसी.

तुम्ही पत्रासोबत जोडलेली कागदपत्रे मी वाचली. दरमहा नऊशे डॉलरप्रमाणे ४३ हप्ते, म्हणजे सुमारे ३९ हजार डॉलर तुम्ही भरले आहेत. खात्यात साडेएकोणतीस हजार दिसतात, पण सरेंडर चार्ज, म्हणजे पॉलिसी लवकर मोडल्यास कापली जाणारी रक्कम, वजा केल्यावर आज हातात येतील ते १६ हजार. जिच्यात ३९ हजार ठेवल्यावर १६ हजार परत मिळतात आणि त्यांतलेच पाच हजार व्याजाने उचलावे लागतात, तिला बँक म्हणणे ही विक्रेत्याची भाषा आहे. शिवाय फेडीपर्यंत हे कर्ज विम्याच्या रकमेतून वजा धरले जाते, म्हणजे ज्या मुलांसाठी पॉलिसी घेतली त्यांचेच संरक्षण तेवढे कमी होते.

पॉलिसीत पुढे वर्षागणिक किती शिल्लक राहील हे दाखवणाऱ्या कंपनीच्या कोष्टकाचे पान पुन्हा उघडा. उजवीकडच्या रकान्यात दरवर्षी पावणेसात टक्के परतावा धरून खाते फुगत जाते, आणि तोच रकाना तुम्हाला दाखवला गेला असणार. डावीकडे, बारीक अक्षरांत, हमी असलेला रकाना आहे. त्यात वयाच्या ६९व्या वर्षी शिल्लक शून्य आहे. कंपनीने लेखी कबूल केलेले एवढेच आहे. बाजार पडला तरी तोटा नाही, हे आकर्षण खरे असले तरी परतावा निर्देशांकाच्या वाढीवर मोजताना एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर निर्देशांकातील कंपन्यांचा लाभांश त्यात धरला जात नाही, वाढीला वरून कमाल मर्यादा असते, ती मर्यादा कंपनी बदलू शकते, आणि विम्याचा खर्च वयाबरोबर वाढत जातो. हे सगळे लक्षात घेऊनही सरसकट पावणेसात टक्क्यांची आशा धरणे मला मान्य नाही. ओळखीच्या माणसाने, घरी जेवायला येऊन, विश्वासाने हे विकले म्हणून गणित बदलत नाही.

याहून मोठे नुकसान पगारपत्रकात आहे. तुमची कंपनी ४०१(के) या निवृत्ती-बचत खात्यातील पगाराच्या सहा टक्क्यांपर्यंतच्या वर्गणीवर निम्मी भर घालते आणि तुम्ही भरता दोनच टक्के. सहा टक्के म्हणजे नऊ हजार, त्यावर कंपनीचे साडेचार हजार. तुम्हाला सध्या मिळतात दीड हजार. दरवर्षी तीन हजार डॉलर तुम्ही टेबलावर सोडून येत आहात, आणि त्याच वेळी वर्गांसाठी कर्ज शोधत आहात.

आता क्रम महत्त्वाचा आहे. आधी वीस वर्षांचा दहा लाख डॉलरचा साधा टर्म विमा घ्या. तब्येत चांगली असेल तर तो महिना शंभर डॉलरच्या आसपास मिळेल, आणि आजचे तुमचे संरक्षण केवळ चार लाखांचे आहे. हा विमा प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका. त्यानंतर कंपनीकडून आजच्या स्थितीवरचे नवे कोष्टक, हप्ता कमी करण्याच्या पर्यायासह, लेखी मागवा. त्यात काही अनपेक्षित निघाले नाही, तर पॉलिसी बंद करावी असे माझे मत आहे. गेलेले २३ हजार मलाही बोचतात, पण ते भरून निघावेत म्हणून आणखी वर्षानुवर्षे नऊशे भरणे योग्य नाही. भरल्यापेक्षा कमी मिळत असल्याने त्यावर आयकरही लागणार नाही.

हप्त्याचे वर्षाला १०,८०० वाचतील. टर्म विम्याचे १,२०० आणि ४०१(के)मधील वाढीव सहा हजारांचे, २२ टक्के कर वाचल्यानंतरचे, सुमारे ४,७०० काढले की ४,९०० उरतात. प्रशिक्षण यातून करा.

आजीवन सदस्यत्व घेऊ नका. ते तुम्ही संस्थेला दिलेले बिनतारण कर्ज असते. नेव्हाडातील फ्रंट साइट या संस्थेने अशी सदस्यत्वे वर्षानुवर्षे विकली, २०२२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि नव्या मालकांनी जागा घेतली तेव्हा जुनी सदस्यत्वे तिथे चालली नाहीत. पाच दिवसांचा वर्ग उत्तम असतो, पण पाया पक्का नसताना तिसऱ्या दिवसापासून थकलेला हात चुकाच गिरवतो. तो नंतरच्या एखाद्या वर्षी करा. पुढील वर्षी वसंतात एक आणि शरदात एक, असे दोन दिवसांचे दोन वर्ग एकाच प्रशिक्षकाकडे घ्या: सोळाशे डॉलर. मधल्या महिन्यांत घरी कोरडा सराव करा. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, सुरक्षित दिशेला धरून दहा मिनिटे चाप असा दाबायचा की पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण) जराही हलणार नाही. याला काही खर्च नाही.

(एच-१बीसारख्या व्हिसावरील वाचकांनी हे स्वतःला लागू करू नये, मोजके अपवाद सोडता केंद्रीय कायदा त्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगू देत नाही. आधी वकिलाला विचारावे.)

पिस्तूल कपाटाच्या वरच्या फळीवर असते, असे तुम्ही सहज लिहिले आहे. बारा वर्षांच्या मुलाचा हात तिथे पोहोचतो, आणि निष्काळजीपणे ठेवलेले भरलेले पिस्तूल सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती लागले, तर टेक्सासमध्ये तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो. कुलपाची चांगली पेटी दीड-दोनशे डॉलरला मिळते. पहिल्या वर्गाचे पैसे भरण्याआधी, याच आठवड्यात, ती घ्या.