खिळे जुळवणं म्हणजे सुतारकाम नव्हे

इंदूरच्या रामबागेतून एका वाचकांनी विचारलं आहे: अमेरिकेचे अध्यक्ष वॉरन हार्डिंग यांच्यावरच्या एका मराठी लेखात ‘लहानपणी ते छापखान्यात खिळे जुळवायला शिकले’ असं वाक्य आहे. मुलीने ते वाचून विचारलं, ‘म्हणजे सुतारकाम?’ तिच्यासाठी ‘टाइप करायला शिकले’ असं बदललं तर चालेल का?

कृपा करून बदलू नका. टाइप करणं म्हटलं की डोळ्यांसमोर कळफलक येतो, आणि इथे तर कळफलक नव्हताच. इथला खिळा म्हणजे शिसं, कथील आणि अँटिमनीच्या मिश्रधातूचा ओतीव तुकडा. उंची सुमारे 23 मिलिमीटर, टोकाला उलटं अक्षर. असे तुकडे एकेक वेचून ओळीत लावायचे, म्हणजे खिळे जुळवायचे. छापून झाले की प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात. मला हे क्रियापद फार आवडतं. ‘जुळवणे’ म्हटलं की बोटांचं काम दिसतं. त्यातूनच हे काम करणाऱ्या कंपोझिटरला ‘जुळारी’ हा नेटका शब्द मिळाला.

मुलीचा घोटाळा मात्र अगदी स्वाभाविक आहे. इंदुरात शाळेत, बाजारात कानावर हिंदी. खिळा म्हणजे कील, आणि कील भिंतीत ठोकायची. हिंदी छापखान्यात टाइप ‘कंपोज’ करत, कीलचा तिथे संबंध नव्हता. मराठीने मात्र त्या उभट तुकड्याला खिळाच म्हटलं. देवनागरीत काना-मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी होतात, त्यामुळे मराठी जुळाऱ्यासमोर इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खण असत. कोणता खिळा कुठे आहे हे त्याच्या हाताला पाठ असावं लागे.

हार्डिंगसाठी तर हाच शब्द हवा. ओहायोतल्या कॅलेडोनिया गावात त्यांच्या वडिलांची ‘आर्गस’ या साप्ताहिकात भागीदारी होती. मुलगा तिथेच हे काम शिकला. पुढे 1884 मध्ये, वयाची 20 वर्षंही पुरी नसताना, दोन मित्रांबरोबर 300 डॉलरला त्यांनी मॅरियन गावचं डबघाईला आलेलं ‘स्टार’ हे वृत्तपत्र घेतलं आणि नावारूपाला आणलं. पत्नी फ्लॉरेन्स यांनी वितरणाची घडी बसवली; पेपर टाकणाऱ्या मुलांमध्ये पुढचे समाजवादी नेते नॉर्मन थॉमसही होते. पानं लावताना वापरायची धातूची छोटी पट्टी हार्डिंग शुभशकुन म्हणून खिशात बाळगत. 1921 मध्ये अध्यक्ष झालेल्या माणसाच्या खिशातली ती पट्टी ‘टाइप करणे’ या शब्दांनी कशी कळणार?

‘अक्षरजुळणी’ हा पर्याय अर्थाने जवळचा आहे, पण आज पुस्तकाच्या श्रेयपानावर तो संगणकावरच्या कामासाठीही छापला जातो. एकट्याने वापरला तर वाचणारी मुलगी पुन्हा पडद्याकडेच जाईल.

म्हणून वाक्यात दोनच शब्द वाढवा: ‘लहानपणी ते छापखान्यात अक्षरांचे धातूचे खिळे जुळवायला शिकले.’ आणि घरात जुनी पत्रिका किंवा लग्नाचं आमंत्रण असेल, तर तिला मागच्या बाजूने बोट फिरवायला सांगा. खिळ्यांनी छापलेलं असेल, तर दाबाचा उठाव बऱ्याचदा बोटाला लागतो.